पीएचमामा

ब्रिस्बेनमध्ये घराच्या मागच्या अंगणात स्विमिंग पूल असणं म्हणजे काही फार मोठी श्रीमंती नव्हे. पुष्कळदा तो घरासोबतच येतो. घर बघायला गेल्यावर बायको स्वयंपाकघर बघते, पोरं आपापल्या खोल्या वाटून घेतात आणि नवरा मागच्या दारात उभा राहून म्हणतो, "त्यात काय, मिठाच्या पाण्याचा आहे. आपोआप चालतो." हे वाक्य ज्याच्या तोंडून गेलं, त्याचे पुढचे सगळे रविवार गेले असं खुशाल समजावं.

माझा मामा हे वाक्य बोलून बसला आहे. तिथल्या मराठी मंडळींत त्याला आता पीएचमामा म्हणतात. भल्या सकाळी, जुलैच्या थंडीत तर कानटोपी घालून, तो पुलाच्या काठावर उकिडवा बसतो. कोपरापर्यंत हात बुडवून नमुना घेतो, कारण "वरवरचं पाणी खोटं बोलतं." नळीत लाल औषधाचे थेंब पडतात, नळी आकाशासमोर धरली जाते आणि एक डोळा मिटतो. मग रेघांच्या वहीत आकडे चढतात. पीएच ७.२ ते ७.६ च्या आत असेल तर मामीला चहा गोड झाल्याची पावती मिळते. नसेल तर चहा तसाच निवतो.

पाहुणे त्याला मनापासून आवडतात, कारण प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: "खाऱ्या पाण्याचा म्हणजे यात क्लोरीन नाही ना?"

मामा खुर्ची पुढे ओढतो. "बस. मीठ म्हणजे काय?"

त्यानंतर सुटका नाही. ५०,००० लिटर पाण्यात २०० किलो मीठ, म्हणजे लिटरला चार ग्रॅम. समुद्रात पस्तीस. आपल्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा याच्यापेक्षा खारट. हे पाणी यंत्रातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून जातं, वीज त्या मिठातूनच क्लोरीन काढते, क्लोरीन जंतू मारतं आणि काम झालं की परत मिठात जमा. "मीठ संपत नाही रे! पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. जातं ते पावसात वाहून, नाहीतर तुमच्या उड्यांनी." या खटपटीत पाण्याचा पीएच सारखा वर चढतो, म्हणून वरचेवर अ‍ॅसिड घालावं लागतं. इथे मामा उभा राहतो आणि बोट वर करतो. "अ‍ॅसिड पाण्यात घालायचं. अ‍ॅसिडात पाणी कधीही नाही." तोवर पाहुण्याची मुलं पोहण्याचे कपडे घालून दारात थिजलेली असतात.

त्यांनाही लगेच सोडत नाहीत. आधी अंघोळ. डोक्याला खोबरेल लावलं असेल तर दोनदा. मग एक प्रश्न, जो मामा आयांच्या देखत विचारतो आणि मामी आतून "अहो!" म्हणून ओरडते. पण मामाचं शास्त्र पक्कं आहे. धड ठेवलेल्या पुलाला क्लोरीनचा वास येत नाही. तो उग्र वास क्लोरीनला घाम आणि त्याहून खासगी गोष्टी भेटल्यावर येतो. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात गेला की मामा पुलाच्या दारातच नाक वर करून थांबतो आणि म्हणतो, "इथे क्लोरीन कमी पडलंय. बाकीचं भरपूर आहे."

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्रिस्बेनभर जॅकरांडा फुलतो. रस्ते जांभळे होतात, लोक झाडाखाली उभे राहून फोटो काढतात. मामाला त्या दिवसांत फक्त गाळणीची टोपली दिसते. क्वीन्सलँड आर्ट गॅलरीत गॉडफ्री रिव्हर्सचं १९०३ सालचं एक लाडकं चित्र आहे. जॅकरांडाखाली एक जोडपं बसलंय, चहा येतोय, जमिनीवर फुलांचा सडा. मी मुग्ध होऊन बघत होतो. मामा शेजारी आला, त्याने सडा नीट न्याहाळला आणि म्हणाला, "शेजारी पूल नाही, म्हणून चहा सुचतोय."

पूल शॉपमध्ये पाणी फुकट तपासून देतात. मामा बाटली घेऊन जातो, पण तपासायला नाही, ताडून बघायला. काउंटरवरची मुलगी सहा डब्यांची यादी छापून हातात देते. मामा वही उघडतो, तिचे आकडे आणि आपले आकडे शेजारी ठेवतो, एक अ‍ॅसिडचा कॅन उचलतो आणि उरलेल्या पाच डब्यांवर तिच्याशी सविस्तर मतभेद नोंदवतो. तीही आता मामा दिसला की आधी त्याची वही मागते.

हाच मामा सातारा जिल्ह्यातल्या विहिरीत पोहायला शिकला. पाठीला रिकामा डबा बांधून आजोबांनी वरून ढकललं होतं. पाणी हिरवंगार, कपारीत बेडूक. त्याचं रीडिंग कोणी घेतलं नाही, उलट नाकातोंडात गेलं ते पचलं. आता पायरीच्या कोपऱ्यात शेवाळाची एक हिरवी रेघ दिसली, तर तो टॉर्च घेऊन रात्री दोनदा उठतो.

"कशाला एवढं करतोस?" मी एकदा विचारलं.

मामाने नळी हलवली. "हे बघ, पोराला विचारलं, शाळा कशी झाली? फाइन. जेवण? फाइन. पुढे काय करणार? फाइन. पाण्याला विचारलं की पाच आकडे मिळतात."

मामाची खरी परीक्षा डिसेंबरात असते. इकडे लग्नसराई आणि तिकडे भर उन्हाळा, वर वादळी पाऊस. मागल्या खेपेला भाचीच्या लग्नाला पुण्यात आला, तो मुलाच्या हाती नळी देऊनच. ऐन मुहूर्ताला फोटो आला. नळीतला रंग काही ठरेना. मामाने मोबाइल बायकांच्या रांगेत फिरवला.

"अबोली आहे."

"छे, डाळिंबी. ब्राइटनेस वाढवा."

"राणीची झाक मारतोय हो."

पैठणी नेसलेल्या आत्याने चष्मा लावून राणी कलरवर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे पीएच वर गेलेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामा खांबाआड फोनवर: "गॉगल घाल. पंप चालू ठेव. आधी बादलीत पाणी..."

"माहितेय बाबा. घातलं अ‍ॅसिड," पलीकडून पोरगा म्हणाला आणि थांबेचना. रात्री पाऊस झाला, पूल भरून वाहिला, म्हणून त्याने आपणहून मीठही मोजलं होतं. लिटरला जेमतेम तीन ग्रॅम. दुकानातून गोणी आणू का? सगळं एकदम टाकू की थोडं थोडं? आणि वहीत लिहायला निळं पेन चालेल का?

तोवर लग्न लागून गेलं, वाजंत्री थांबली, पंगतीची घाई सुरू झाली. मामाच्या मुठीत अक्षता तशाच होत्या. "पोरगं हाताशी आलं रे," म्हणत त्याने त्या सगळ्या माझ्याच डोक्यावर टाकल्या.