पावणेदोन भागिले अर्धा

सहावी-सातवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, पावणेदोन भागिले अर्धा किती? तो वही ओढेल, सात छेद चार लिहील, अर्ध्याला उलटं करून गुणेल आणि साडेतीन म्हणून मोकळा होईल. शाबास. आता पुढचा प्रश्न विचारा : उलटं का केलंस?

"बाईंनी सांगितलंय तसंच करायचं म्हणून."

हे उत्तर गेल्या महिन्यात मला माझ्या भाचीने दिलं. मी म्हटलं, घरात पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्यात. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, एका लिटरच्या दोन पिशव्या होतात. म्हणजे दुप्पटच करायची ना!" हो, दुप्पटच. उलटं करून गुणायचं ते याचसाठी. या रीतीने तिने वर्षभर वह्या भरल्या होत्या आणि तिचा अर्थ तिला दुधाच्या पिशवीत सापडला.

नेमकं हेच गणित अमेरिकी आणि चिनी प्राथमिक शिक्षक कसं करतात, याची तुलना लिपिंग मा या संशोधिकेने केली होती. त्यावरचं तिचं पुस्तक १९९९ साली आलं. ७२ चिनी शिक्षकांपैकी प्रत्येकाचं उत्तर बरोबर आलं. २३ अमेरिकी शिक्षकांपैकी २१ जणांनी गणित करून पाहिलं, पूर्ण बरोबर आलं ९ जणांचं. मग शिक्षकांना सांगितलं होतं, या भागाकाराला शोभेल असा व्यवहारातला एखादा प्रसंग सांगा. बहुतेक चिनी शिक्षकांनी तो सांगितला. अमेरिकी शिक्षकांपैकी अनेकांची गफलत झाली : अर्ध्याने भागायचं सोडून त्यांनी दोघांत वाटणी केली. आणि घोकंपट्टीसाठी जगभर बदनाम आहेत त्या चिनी शाळा! ज्यांचा हात बसलेला होता, त्यांनाच अर्थही सांगता आला.

म्हणून पाढे बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. सात आठे छप्पन ज्याच्या तोंडी नाही, ते मूल अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना बोटं मोजत बसतं. त्याचं सगळं डोकं त्या छप्पनात अडकतं, मग 'का' विचारायला जागा उरणार कुठे? 'आमच्याकडे पाठांतर नाही, फक्त संकल्पना' अशी जाहिरात करणारे क्लास मुलांच्या हातून हत्यारच काढून घेतात. संकल्पना कळली आणि हातचा विसरला, तर दुकानदार पैसे संकल्पनेप्रमाणे परत देत नाही.

पण दुसऱ्या बाजूचा गुन्हा मोठा आहे. एकाच साच्यातली चाळीस गणितं घरी करायला देणं याला आपण सराव म्हणतो. पहिल्या तीन गणितांनंतर मूल विचार करणं थांबवतं आणि उरलेली सदतीस नक्कल करतं. शिष्यवृत्तीच्या सरावसंचात चारांतला एक पर्याय रंगवायचा असतो. तो का रंगवला, हे विचारायला तिथे कुणी नसतं. अशा मुलाला दहावीत प्रश्नाची भाषा जरा बदलून आली की 'हे शिकवलंच नव्हतं' म्हणून ते रडतं. ते खोटं बोलत नसतं. त्याला खरोखरच शिकवलेलं नसतं.

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. औट म्हणजे साडेतीन, माझ्या भाचीचं उत्तर. ते पाढे बाजारासाठी होते. बारा जणांना सव्वा-सव्वा शेर म्हणजे पंधरा शेर, हे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे धान्याची रास असे. रास गेली, मापं बदलली, आणि मग उरलेल्या पोकळ आवाजाला आपण पाठांतर म्हणून हसलो. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. रास परत आणा.

सराव आणि समज यांची गाठ कशी पडते ते देवळालीच्या एका शाळामास्तरांनी दाखवलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहान असे मांडायचे, मग उलट मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घ्या : ५४३२ वजा २३४५, उरले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हेच करा, पुन्हा ६१७४ च येतं. सुरुवात अशा कुठल्याही संख्येने करा, शेवट ६१७४ वरच होतो. १९४९ मध्ये त्यांना हे सापडलं.

या खेळात मूल हातच्याच्या वजाबाक्या मागून मागून करतं. कुणी गृहपाठ दिलेला नसतो. चौथ्या संख्येला ते विचारतं, "प्रत्येक वेळी हेच का येतं?" चाळीस गणितांच्या वहीत हा प्रश्न एकदाही उमटत नाही.

शिक्षकांनो, पालकांनो, उद्याच्या चाळीसातली तीस गणितं खोडा. उरलेल्या दहांपैकी दोनांवर मुलाला एकेक गोष्ट रचायला लावा. आणि आज रात्री जेवण झाल्यावर त्याला चार अंक देऊन पाटी पुढे करा. ६१७४ ला पोचायला जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात.