सदरहू ससा

आमच्या सोसायटीच्या जिन्यातला दिवा गेला की वायरमनच्या आधी भाऊकाका हजर होतात. दिवा बसवणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांना हवा असतो गेलेला दिवा. ‘नवीन लावलात ना? मग जुना जमा करा.’ असे जमा झालेले दिवे तळमजल्यावर एका खोक्यात आहेत, खोक्यावर यादी डकवलेली आहे आणि यादीखाली हिरव्या शाईत सही आहे. भाऊकाकांची उभी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. सातारा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायती तपासत ते हिंडले. आपलं नाव ऐकून ग्रामसेवक रजा टाकायचे, असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त झाल्यावर शासनाने त्यांना निरोप दिला, नारळ दिला, शाल दिली. हिरवं पेन तेवढं काढून घ्यायचं राहिलं.

त्याची किंमत काकूंनी मोजली. ‘कोथिंबीर वीसची? पावती?’ हा प्रश्न रोज ऐकून ऐकून एके दिवशी काकूंनी भाजीवालीचा अंगठाच कागदावर घेऊन आणला. तो उपरोध होता. भाऊकाकांनी तो फाइलला लावला.

या घरात ससा आला तो ऑस्ट्रेलियामुळे. मुलाची बदली ब्रिस्बेनला झाली, आणि ब्रिस्बेन ज्या क्वीन्सलँड राज्यात आहे तिथे घरी ससा पाळणं हा गुन्हा आहे. परवानगी मिळते ती संशोधन संस्थांना किंवा जादूगारांना. भाऊकाकांनी नियम मुळातून वाचला आणि मुलाला विचारलं, ‘तुला टोपीतून काही काढता येतं का?’ येत नव्हतं. नातवाचा ‘साबुदाणा’ मग आजोबांच्या ताब्यात आला. ताबापावती झाली: ससा, पांढरा, नग एक, वजन एक किलो सातशे ग्रॅम, स्थिती चालू. ऑस्ट्रेलियाची बाजूही त्यांना पटलेली होती. 1859 साली तिथल्या एका जमीनदार साहेबाने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेले डझन-दोन डझन ससे रानात सोडले आणि पुढे त्यांनी अर्ध्या खंडाची कुरणं फस्त केली. ‘आरंभीची शिल्लक दोन डझन. नंतर कुणी मोजलंच नाही. ऑडिट नसलं की असं होतं.’

काकू त्याला ‘साबू’ म्हणायच्या. भाऊकाका नावाने कधी बोलावत नसत. ‘सदरहू सशाने सोफ्याची किनार कुरतडली आहे’ असं ते बोलताना म्हणत, आणि लिहिताना ‘सदरहू’खाली रेघ मारत.

लेंड्या मोजायला सुरुवात झाली ती मायेने नव्हे. मुलाला घाणीचा पुरावा द्यायचा होता. धडधाकट ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, हे कुणी नुसतं सांगितलं असतं तर मुलाने ‘अतिशयोक्ती’ म्हणून सोडून दिलं असतं. भाऊकाकांनी दोनशे पानी रजिस्टर आखलं. डावीकडे आवक: गाजर, बिस्किट, पोळी, पाकिटातलं खाद्य. उजवीकडे जावक. मध्ये शेरा. दर रविवारी मासळीवाल्याकडून घेतलेल्या तराजूवर वजन. मी शेजारी म्हणून कधी डोकावलो तर माझी सही घेत.

पहिला आक्षेप लवकरच निघाला. ससा पहाटे खाली वाकून आपल्याच अंगाखालून काहीतरी मऊ उचलतो आणि गिळतो, हे त्यांनी टॉर्च लावून पकडलं. ‘माल तयार होतो, पण साठ्यात येत नाही!’ त्यांचा आवाज चढला होता. ‘ही सरळ अफरातफर आहे.’ मग पुस्तकं चाळल्यावर समजलं की सशाच्या आतड्याच्या एका पिशवीत जंतू गवत आंबवतात, त्यातून निघणारे मऊ गोळे जीवनसत्त्वांनी भरलेले असतात आणि ते पुन्हा खाल्ले नाहीत तर ससा खंगतो. आक्षेप मागे घेतला गेला. रजिस्टरात त्या रकान्यावर आजही मथळा आहे: पुनर्विनियोजन.

तर अशा या रजिस्टरात एका मंगळवारी जावक निम्मी झाली. जी होती तीही बारीक, वाळलेली, केसांत ओवलेली. ससा तर रोजच्यासारखा बसलेला. गाजर पुढे केलं की लगबगीने यायचा, तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा. संध्याकाळी तेही बंद. काकू म्हणाल्या, ‘आज काही बरं नसेल त्याला, खाईल उद्या.’ घरातल्या कुठल्याही माणसाबद्दल हे वाक्य चाललं असतं. सशाला ते चालत नाही. बारा तास पोटात काही गेलं नाही तर त्याचं आतडं मंदावतं, आत वायू धरतो, वायूने दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. एका दिवसात जिवावर बेतू शकतं. आणि हे सगळं तो चेहऱ्यावर दिसू देत नाही, कारण ज्याला खायला सगळं रान टपलेलं आहे त्याने आजारी दिसून कसं चालेल? भाऊकाकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. ‘ज्या ग्रामपंचायतीत घोळ असतो तिचंच दप्तर सगळ्यात टापटीप असतं,’ ते म्हणाले आणि चप्पल घालू लागले.

तोवर जिन्यात सोसायटी जमली होती. आपल्याकडे प्राणी आजारी पडला की पदवीधर माणसंसुद्धा वैद्य होतात. एकीने ओव्याचा अर्क सुचवला, एकीने पोटावर हिंग. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मीठमोहऱ्या ओवाळूनही टाकल्या. शेजारच्या एका औषधविक्याने माणसांचं अमॉक्सिसिलिन काढलं, ‘अर्धी गोळी पाण्यातून द्या, खडखडीत होईल.’ भाऊकाकांनी गोळीकडे पाहिलंही नाही. ‘डॉक्टरांची चिठ्ठी?’ तो म्हणाला, सशाला कसली चिठ्ठी. ‘मग बिलावर ससा असं लिहून सही द्या.’ गोळी परत बरणीत गेली. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतात आणि पाठोपाठ ससाही जातो, हे भाऊकाकांना तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना फक्त व्हाउचर हवं होतं. हुशारीने वाचलेल्या जिवांपेक्षा अशा हेकटपणाने वाचलेले जीव जास्त असावेत, असा मला संशय आहे.

जवळच्या गुरांच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मी म्हशी बघतो, कुत्री बघतो. याच्या दाढा बघायची साधनं माझ्याकडे नाहीत.’ त्यांनी कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आणि पुण्यातल्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाट उतरेपर्यंत भाऊकाका टोपलीवरचं फडकं उचलून सशाचे कान चाचपत होते. कान गार पडणं वाईट, एवढं ते त्या डॉक्टरांकडून शिकून घेऊन निघाले होते. अधूनमधून ससा दात करकरा वाजवायचा. काकू म्हणाल्या, ‘काहीतरी खातोय वाटतं.’ पुढे कळलं, जोरात दात वाजवणं म्हणजे सशाचं कण्हणं.

पुण्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘कधीपासून खात नाही?’ या प्रश्नाला लोक ‘झाले असतील दोन-तीन दिवस’ असं उत्तर देतात. भाऊकाकांनी टेबलावर रजिस्टर ठेवलं. बाईंनी आधी ते बाजूला सरकवलं, मग उघडलं, मग खुर्ची ओढून बसल्या. मागची पानं उलटून त्यांनी वजनाचा रकाना बोटाने खालपर्यंत वाचला, आवकेचा वाचला. ‘गवत कुठे आहे?’ ‘निरंक,’ भाऊकाका म्हणाले. ‘हेच कारण आहे,’ बाई म्हणाल्या, ‘आणि हे लिहिलंय कुणी? असं सगळ्यांनी लिहायला हवं.’

उभ्या नोकरीत भाऊकाकांचं दप्तर कुणी आपणहून वाचलं नव्हतं. लोक ते बघायचे आणि घाम पुसायचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि एकदम कोरड्या आवाजात विचारलं, ‘बिल जीएसटीसह मिळेल ना?’

सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून चावून ते झिजावेत अशी योजना आहे. आपण त्याला गाजर देतो, कारण चित्रांतला ससा गाजर खातो. गाजर म्हणजे गोड खाऊ; त्याने दाढा झिजत नाहीत. झिजल्या नाहीत की खालच्या दाढांना जिभेकडे टोकं येतात, वरच्यांना गालाकडे, आणि घासागणिक जीभ कापत जाते. साबुदाण्याचं तेच झालं होतं. भूल देऊन टोकं घासायची ठरली. भाऊकाकांना स्वतःच्या हर्नियाचा अनुभव होता. ‘म्हणजे आता उपाशी ठेवायचं.’ ‘मुळीच नाही. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे ती भीती नाही. उपाशी ठेवलं तर उलट आतडं थांबेल.’ माणसाचा नियम सशाला लागू नाही, ही नोंद त्यांनी तिथेच घेतली.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. गवताची पूड कोमट पाण्यात कालवून दर तीन-चार तासांनी सुई काढलेल्या सिरिंजने भरवायची. समोरून नाही, बाजूने; पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते तिथून, थेंबथेंब, तो गिळेल तसं. घाई केली तर पूड फुप्फुसात जाते. काकू त्याला टॉवेलात घट्ट गुंडाळून मांडीवर धरायच्या आणि भाऊकाका जमिनीवर गुडघे टेकून, मिलिलिटरच्या रेषेवर डोळा ठेवून, त्याची विनवणी करायचे. ‘घ्या. अजून दोन मिलि. एवढं मंजूर करून टाका.’ ज्या माणसाने सरपंचांची मुदतवाढ कधी मंजूर केली नाही तो सशापुढे अर्ज करत होता. ससा निम्मं गिळायचा, निम्मं त्यांच्या बनियनवर फुर्र करायचा. बनियन शाईच्या रंगाचं झालं.

आवक आता चालू होती. जावक शून्य. ‘खर्च टाकलाय पण काम दिसत नाही,’ असं ते रात्री जिन्यात मला म्हणाले, पण नेहमीसारखा आवाज लागला नाही. पोटावरून हलक्या हाताने चोळायचं, लहान मुलांच्या गॅसचे थेंब द्यायचे, चालवायचं, हे सगळं सुरू होतं.

पहाटे माझा फोन वाजला. ‘झोपलात का?’ पहाटे पावणेचारला या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं असतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ‘खाली या. पंच म्हणून.’

मी गेलो. हॉलमध्ये सगळे दिवे लावलेले. वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर, मधोमध, एक लेंडी. अर्ध्या वाटाण्याएवढी. काकूंनी देवापुढे निरांजन लावलं होतं. भाऊकाकांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. ‘समक्ष पाहिली असं लिहा.’ मी लिहिलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘साबूची पहिली.’ लक्षात आल्यावर ‘साबू’ खोडून वर ‘सदरहू ससा’ लिहिलं. खाडाखोडीवर पुन्हा आद्याक्षरं केली.

डॉक्टरबाईंचा आदेश होता की यापुढे पोटात मुख्यतः गवतच जायला हवं. टिमोथी नावाचं गवत परदेशातून वाळवून येतं, असं कळल्यावर भाऊकाकांचा रक्तदाब वाढला. ‘सातारा जिल्ह्याने गवत आयात करायचं?’ ते तडक गणपतीच्या देवळाबाहेरच्या फुलवालीकडे गेले. दूर्वा म्हणजे हरळीच. सशाला ती उत्तम. वाळलेल्या गवताची सोय गवळ्याकडे लागेपर्यंत रोज सकाळी दूर्वांच्या पंचवीस जुड्या घरी येत. फुलवालीला वाटलं, घरात सहस्रावर्तनं बसली आहेत. एका जुडीत एकवीसऐवजी एकोणीस निघाल्या तेव्हा ते परत गेले. ती म्हणाली, ‘काका, बाप्पा कधी मोजत नाय बघा, तुम्हीच मोजताय.’ संकष्टीला भाव दुप्पट होतो यावर त्यांनी लेखापरीक्षेच्या रीतीचं एक अर्धसमास पत्र लिहून ठेवलं आहे. कुणाला पाठवायचं ते ठरायचं आहे.

ससा आता ठणठणीत आहे. जावक अडीचशेच्या घरात स्थिर आहे. अडचण वेगळीच आहे: रजिस्टरची बरीच पानं कोरी राहिली, आणि कोरं पान भाऊकाकांना सोसत नाही. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींना ते हल्ली ‘आज सकाळची परिस्थिती काय?’ असं विचारतात. दोघांनी फिरायचा रस्ता बदलला आहे.

परवा मी त्यांच्याकडे वर्गणी द्यायला गेलो. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली. मी म्हटलं, ‘नको काकू, कालपासून जरा पोट बिघडलंय.’

भाऊकाकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पेनचं टोपण काढलं.

‘काल किती वाजल्यापासून?’

‘अहो, तसं काही नाही...’

‘अगं,’ ते काकूंना म्हणाले, ‘तो टॉवेल आण.’