सात गेला, सातबारा राहिला

हायवेवरच्या वडनेरात झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू होताना आधी विचारतो, विंडोज ७ की विंडोज १०? उत्तरासाठी ३० सेकंदांची मुदत. गिऱ्हाईक ताटकळत उभं.

विंडोज ७ची सेवा मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. पण त्याला घराबाहेर काढणार कोण? जुना प्रिंटर त्याच्याशीच बोलतो, कृतिदेवमधले सगळे अर्ज त्याच्याच पोटात. (फाइल कॉपी करता येते म्हणा, पण सांगून बघा.)

अखेर एखादा हुशार भाचा येतो आणि जुनं पार्टिशन थेट फॉरमॅट करतो. दोन शक्यता. नशीब चांगलं असेल तर सात जातो, पण सुरुवातीच्या यादीत नाव तसंच. फेरफार न झालेल्या सातबाऱ्यावर मयताचं नाव राहावं तसं. ते काढायला ‘एमएसकॉन्फिग’मध्ये बूटच्या पानावर जाऊन जुनी नोंद पुसायची, एवढंच काम. नशीब फिरलं असेल तर बूट मॅनेजर नेमका त्या जुन्या पार्टिशनवरच असतो. मग सातासोबत दहाही जातो, आणि काळ्या पडद्यावर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ एवढंच उरतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सिस्टम’ हा शब्द कोणत्या खणावर आहे, हे आधी बघायला मिनिटभर लागतं. पण भाच्याला हिंगणघाटची बस पकडायची असते.

बरं, एवढं करून ज्याच्यासाठी जागा मोकळी केली, त्या दहाची सेवाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अकरा टाकायला मशीन जुनं. भाचा दिवाळीत पुन्हा येणार आहे.