झीरो वेस्ट पाहुणे

नागावला वाडी असली की नातेवाइकांना आपली आठवण राहते. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की जरा जास्तच. यंदा मात्र पुण्याच्या भाच्याचं नुसतं ‘येतोय’वर भागलं नाही. ‘मामा, मार्चची ट्रिप झीरो वेस्ट करायचीय. मामीला सांग, घरात प्लास्टिकची एकही पिशवी दिसता कामा नये!’

मामीला हे कोण सांगणार? राज्याने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली, पण आमच्याकडे त्याआधीपासून निराळाच कायदा आहे: आत आलेली पिशवी बाहेर जात नाही. दुधाची पिशवी कोपऱ्यात कापायची, पण तुकडा तोडायचा नाही. आत पाणी घालून खळखळवायची, ते पाणी कढीपत्त्याला, आणि पिशवी मागच्या दोरीवर चिमट्याला उलटी. वाळली की तीत सुका जवळा भरायचा. जवळा संपला की माझी लाइटबिलं. बिल भरायला गेलो की खिडकीतला माणूस मान वर न करता मला ओळखतो.

भाच्याने आमच्यासाठी बांबूचे टूथब्रश आगाऊ कुरिअरने धाडले. खोक्यात खोकं, त्याला फुगे-फुगे असलेल्या प्लास्टिकचे चार वेढे. हिने ब्रश कपाटात टाकले आणि प्लास्टिक दोरीवर वाळत घातलं. मग त्याने ‘निसर्गात विरघळणाऱ्या’ ताटांचा फोटो पाठवला, ऑनलाइन मागवलेल्या. बघतो तर पोफळीच्या विऱ्या! ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आमच्या कितीतरी पोफळी आडव्या केल्या, तरी उरलेल्या झाडांच्या विऱ्या आम्ही अजून न्हाणीच्या चुलीत घालतो. त्या आंघोळीच्या पाण्याची किंमत मी पहिल्यांदाच रुपयांत काढली.

प्रवासाचाही विचार झालाय. कार्बन वाचवायला दोन गाड्यांऐवजी एकच मोठी गाडी. ती वडखळच्या कोंडीत एसी लावून उभी राहील, पण एकच राहील. दादरची भाची भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरणार. थंडीत या बोटींमागे कुरव पक्षी असतात, थेट मध्य आशियातून उडत आलेले, आणि इथे येऊन लोकांच्या हातचे वेफर्स नि गाठिया खातात. भाचीनेही गाठिया घेतलाय, अर्थात कागदी पिशवीतून. म्हटलं, ‘अगं, ते मासे खातात.’ तर म्हणे, ‘रोज रोज मासेच का, मामा?’

खरी परीक्षा कासवांची. दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभराच्या आसपास. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि समुद्राकडे निघतात. भाच्याने विचारलं, ‘शनिवारी नाश्ता करून निघालो तर सापडतील ना?’

‘अरे, ती त्यांच्या वेळेला निघतात. आणि किनाऱ्यावर बॅटरी नको, फ्लॅश नको. उजेड दिसला की पिल्लं भलतीकडे वळतात.’

‘मग फोटो?’

‘डोळ्यांनी बघ.’

यावर अंगठ्याचं चित्र आलं.

जवळच्या किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली नुसतं बसून सुगरणींचा अख्खा संसार पाहिला. नर घरटं अर्धंमुर्धं विणतो, मादी येऊन आतून-बाहेरून तपासते, पसंत पडलं तरच पुढची गोष्ट. जोडी जमली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं विणायला घेतो! एवढं बघायला माणसाने बूड टेकून बसायला हवं. आमच्या पाहुण्यांकडे दोन रात्री आहेत, आणि बनाना राइडचे पैसे आधीच भरलेत.

काल रात्री शेवटची सूचना आली. ‘मामा, कासवांसाठी देणगीही देणार आहोत. आणि हो, पापलेट मोठंच घे. भरलेलं!’

पापलेट २०२३पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. मान मिळाला, आयुष्य काही मिळालं नाही. तळहाताएवढं असतानाच जाळ्यात येतं, त्यामुळे मोठं व्हायची वेळच येत नाही. चुकून एखादं झालंच, तर बाजारात त्याच्याभोवती लोक भाव ऐकायला जमतात.

मी हे सगळं भाच्याला लिहायला घेतलं, तेवढ्यात हिने फोन हातातून काढून घेतला आणि सरळ त्याला लावला.

‘हे बघ, आमच्याकडे बोंबील मिळतील. मोठं पापलेट इथे कुठलं राहायला? रात्रीच्या गाडीने तुमच्या पुण्याला जातं. येताना तिथूनच बर्फात घालून घेऊन ये.’