न चिकटणारं विमान

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली हवाई दलात आलेलं आणि पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधलं गेलेलं हे विमान. टीव्हीवर निरोपाचा सोहळा बघताना मला भरून आलं. भरून आलेल्या माणसाने माळ्यावर चढू नये. मी चढलो, आणि कॉलेजात असताना घेतलेलं मिग-२१च्या प्लास्टिक मॉडेलचं किट घेऊन शिंकत खाली उतरलो. १/७२ मापाचं, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेंटीमीटरसुद्धा भरत नाही.

जोडणं आणि रंगवणं मला बरं जमतं, म्हणजे चुका लांबून दिसत नाहीत. खरा घोळ डीकलांचा, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा. कागद, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक, डिंकावर पारदर्शक वार्निशचा पापुद्रा आणि त्यात छपाईची शाई, अशी ही रचना. कोमट पाण्यात बुडवायचं, डिंक सुटला की पापुद्रा अलगद मॉडेलवर सरकवायचा. प्लास्टिकला वय कळत नाही, वार्निशला कळतं. ते पिवळं पडतं आणि भाजलेल्या पापडासारखं ठिसूळ होतं. माझ्या माळ्यावर तर इतके उन्हाळे-पावसाळे झाले होते की हवाई दलाच्या तिरंगी चकत्यांमधला पांढरा रंग चहा सांडल्यागत दिसत होता.

पिवळेपणावर उपाय आहे आणि तो खरंच चालतो: डीकलचा कागद खिडकीच्या काचेला, छापील बाजू बाहेर करून चिकटवायचा आणि ऊन खाऊ द्यायचं. ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळत होतं. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "अहो, पंधरा ऑगस्ट होऊन किती दिवस झाले. उतरवा आता ते." मी त्यांना अतिनील किरणांचा वार्निशवर होणारा परिणाम समजावून सांगितला. तेव्हापासून ते मला जिन्यात आधी जाऊ देतात.

पिवळेपणा गेला, ठिसूळपणा राहिला. शहाणा माणूस नको असलेलं एखादं डीकल आधी बुडवून बघतो. मीही बघितलं. किटमध्ये रशियन लाल तारेही होते, त्यातला एक छोटासा तारा अख्खा, डौलात निघाला. त्या ताऱ्याच्या भरवशावर मी सगळ्यात मोठी चकती वाटीत सोडली. वाटीत बघता बघता भारतीय हवाई दलाचे सतरा तुकडे झाले. ते चिमट्याने एकेक उचलून जुळवत होतो तेवढ्यात "किती उकडतंय" म्हणत बायकोने पंखा लावला. त्या चकतीविषयी यापुढे लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

उरलेल्या डीकलांवर मग नवा पापुद्रा चढवला. त्यासाठी द्रव वार्निशची बाटली मिळते. ब्रशने पातळ हात द्यायचा, रात्रभर वाळवायचं, आणि आता सगळ्या कागदावर एकसंध पापुद्रा झालेला असतो म्हणून प्रत्येक डीकल कडेकडेने कापून घ्यायचं. पंखावरही आधी चकचकीत वार्निश मारलं. कारण मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो, डीकलखाली हवा अडकते आणि वाळल्यावर चंदेरी डाग चमकतात. मग पंखावर व्हिनेगरच्या वासाचं एक द्रावण. ("चायनीज करताय का?" आतून आवाज आला.) चकती सरकली, बसली, अख्खी! त्यावर शेवटचं द्रावण, ज्याने पापुद्रा मऊ होऊन पत्र्यांच्या जोडरेषांत उतरतो आणि रंगवल्यासारखा दिसतो.

या द्रावणाबद्दल बाटलीवर एकच गोष्ट ठळक लिहिलेली असते: हात लावू नका. कारण ते लावल्यावर डीकल आधी भयंकर सुरकुततं. वाळताना आपोआप सपाट होतं, फक्त तेवढा वेळ माणसाने दुसरीकडे बघायचं. माझा स्वभाव उकळणाऱ्या दुधाकडे न बघता उभा राहण्याचा नाही. चकतीला सुरकुत्या पडल्या. मी बघत होतो. आणखी पडल्या. एकच सुरकुती, जराशी, बोटाच्या टोकाने... मधला केशरी गोळा बोटाबरोबर निघून आला. हिरवं आणि पांढरं कडं पंखावर तसंच राहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

बोटाकडे बघितलं तर गोळा नाही. टेबलावर नाही, खाली नाही, चपलेच्या तळव्याला नाही. १९७१च्या युद्धात, १४ डिसेंबरला, आपल्या मिग-२१ वैमानिकांनी हातात पर्यटकांचा नकाशा धरून ढाक्यातलं गव्हर्नमेंट हाऊस शोधून काढलं होतं आणि त्यावर रॉकेटं डागली होती. मी टॉर्च आणि भिंग घेऊन स्वतःच्या चार फुटी टेबलाखाली मध्यरात्रीपर्यंत रांगत होतो.

सकाळी दूध आणायला निघालो तर लिफ्टमध्ये सेक्रेटरी. माझ्याकडे बघून प्रथमच प्रसन्न हसले. "आज संकष्टी वाटतं?"

मी लिफ्टच्या आरशात बघितलं. दोन भुवयांच्या जरा वर, बरोबर मधोमध, केशरी गोळा. कपाळ तेलकट, म्हणजे चकचकीत, त्यामुळे खाली हवेचा एक बुडबुडा नाही, चंदेरी डाग नाही. द्रावणाने मऊ झालेला पापुद्रा आठ्यांच्या रेषांत थेट तळापर्यंत उतरला होता. इतकं निर्दोष डीकल माझ्या हातून आजवर कुठेच बसलेलं नव्हतं.

हे अलगद सोलून पंखावर परत बसवता येईल का, असं घरी येऊन बायकोला विचारलं. तिने काही न बोलता नेलपेंट रिमूव्हरची बाटली पुढे केली.