कुत्रा बघणारे आप्पा

कुत्रा पाळणारी माणसं वेगळी आणि कुत्रा बघणारी माणसं वेगळी. पाळणारे भल्या पहाटे हातात पट्टा आणि खिशात जुन्या वर्तमानपत्राचा कागद घेऊन खाली उतरतात. त्यांच्या चेहऱ्यावर झोप असते आणि पँटवर केस असतात. बघणाऱ्यांची इस्त्री मोडलेली नसते, झोप पुरी झालेली असते, आणि कुत्रा या विषयावर ते पाळणाऱ्याला उभ्या उभ्या दहा गोष्टी ऐकवू शकतात. अशी एखादी असामी प्रत्येक सोसायटीत असतेच. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हा मान आप्पांचा.

आप्पा बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी लोकांच्या अर्जांत खोट काढली. निवृत्तीनंतर अर्ज यायचे थांबले, खोट काढायची सवय काही थांबेना. काही दिवस त्यांनी ती काकूंच्या आमटीवर वापरून पाहिली. मग काकूंनीच एकदा म्हटलं, "अहो, एखादा कुत्रा तरी पाळा." काकूंच्या मते हा टोमणा होता. आप्पांनी तो प्रस्ताव समजून दाखल करून घेतला.

लाल कापडी बांधणीची एक वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लॅब्राडॉर: जमा, स्वभाव गोड. नावे, अखंड खातो, केस गाळतो, चोराला घर दाखवतो. गोल्डन रिट्रीव्हर: वरीलप्रमाणे, केस जास्त. जर्मन शेफर्ड: शिस्त उत्तम, पण घरात ती आधीच आहे. ही शेवटची नोंद काकूंच्या नजरेस पडली तेव्हा वही दोन दिवस सापडत नव्हती.

कुत्र्यांच्याही लाटा येतात हे मला आप्पांमुळे कळलं. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' मध्ये टफीने पंचाची भूमिका केली आणि गावोगाव पांढरी, झुबकेदार कुत्री दिसू लागली. लोक त्यांना पॉमेरेनियन म्हणायचे. खरं तर टफी इंडियन स्पिट्झ, पण पॉमेरेनियन म्हटल्यावर शेजाऱ्यावर जो परिणाम होतो तो स्पिट्झने होत नाही. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे एक चपट्या नाकाचा पग चालला, आणि निम्म्या मध्यमवर्गाला आपल्याही मागून कुणीतरी चालावं असं वाटू लागलं. चपट्या नाकातून धड श्वास घेता येत नाही आणि मे महिन्यात त्या जीवाची धाप बघवत नाही, हे जाहिरातीत नव्हतं. मग हस्कीची लाट आली. सैबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी देवाने दिलेला तो दुहेरी कोट अंगावर घेऊन आमच्या मागच्या इमारतीतला हस्की वर्षभर एसीखाली झोपून असतो. आप्पांनी हस्कीच्या नावे बाजूला एकच शब्द लिहिला: वीजबिल.

मग स्वदेशीचं पर्व सुरू झालं. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात' मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई, कोंबई अशा देशी जातींची नावं घेतली आणि आप्पा दुसऱ्या दिवशी ती पाठ करून लिफ्टमध्ये उभे. मुधोळवर त्यांचा विशेष जीव जडला. "गाव कर्नाटकात असेना का, संस्थान घोरपड्यांचं. म्हणजे कुत्रा आपलाच. आपल्याकडे त्यालाच कारवानी म्हणतात." कुत्रा देखणा यात शंका नाही. उंच, लांब तोंडाचा, पोट आत गेलेला. पण तो नजरेने शिकार हेरणारा आणि माळरानावर सशामागे सुटणारा गडी. आप्पांच्या दोन खोल्यांत सशाच्या तोडीचं काही नव्हतं. बैठकीच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत अंतर मोजून झाल्यावर मुधोळही बाद झाला.

वहीतून आप्पा बाहेर पडले ते ब्रीडरकडे. मीही बरोबर होतो. एका बंद गाळ्यात पिंजऱ्यांची चळत, वर एक पंखा. ब्रीडरने आधी भाव सांगितला: "पेपरसकट एक रेट, बिनापेपर एक रेट." पिल्लू महिन्याचं होतं. आप्पांनी चष्मा पुसला. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, हे २०१७ च्या नियमांत लिहिलंय, ते म्हणाले. तुमची राज्य मंडळाकडची नोंदणी कुठाय? पिल्लाची आई कुठाय? ब्रीडरने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला पिल्लू घ्यायचंय का धाड घालायचीय?" आई मात्र त्याने शेवटपर्यंत दाखवली नाही. एरवी आप्पांच्या चौकशांना आम्ही सगळे वैतागतो. त्या दिवशी माझ्या मनात आलं, पिल्लू घेणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर एक आप्पा सक्तीने पाठवायला हवा.

क्रॉफर्ड मार्केटची फेरी लवकर आटोपली. एकाने हळूच "पोपट आहे, बोलणारा" असं सुचवलं. आप्पांनी तिथेच त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा बोलून दाखवला. आपला साधा हिरवा पोपटही पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे हे कळेपर्यंत दुकानदार आणि पोपट, दोघेही दिसेनासे झाले.

मग एके दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते आलं. तुम्हीही वाचलं असेल. अशा निरोपात कुत्रं स्वतः बोलतं: मी ४५ दिवसांचा आहे, माझी आई मला सोडून गेली, मला शी-सूची सवय लवकर लागेल, मला फक्त थोडी माया हवी. शेवटी अठरा बदाम आणि एक फोन नंबर. आप्पांनी चार वेळा वाचून शेरा मारला, "अर्जदाराने उत्पन्नाचा उल्लेख केलेला नाही." पण रविवारी ते शिबिराला गेले.

दत्तक शिबिर एका शाळेच्या सभागृहात होतं. जाळीच्या कुंपणांत वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर पिल्लं लोळत होती. पोरं कुंपणात शिरलेली, आया लांब उभ्या, बाप फोटो काढण्यात गुंतलेले. तासभर उभं राहिलं की आपल्या समाजाविषयी बरीच माहिती फुकट मिळते. जो येतो तो आधी विचारतो, "मेल आहे का?" दुसरा प्रश्न रंगाचा. तिसरा, "जात कोणती?" उत्तर "इंडी" असं आलं की चेहऱ्यावर सौजन्य पसरतं आणि पाय दाराकडे वळतात. भुऱ्या रंगाचे नर अकरा वाजेपर्यंत संपले. दुपारी काळ्या माद्या तेवढ्या राहिल्या. मादी माजावर येते, पिल्लं होतात, ही कटकट नको, असं एका गृहस्थांनी मला समजावलं. तिथेच एक पाच वर्षांची काळी कुत्री बसली होती. तिच्या कानाला इंग्रजी व्हीसारखी खाच होती, म्हणजे नसबंदी होऊन गेलेली, लसही दिलेली. कटकट आयतीच मिटवून मिळत होती. तरी तिच्यापुढे कोणी थांबलं नाही. कटकटीचं कारण खरं असतं तर थांबले असते.

शिबिर चालवणारी ताई तिशीची असेल. दोन्ही हातांवर ओरखडे, गळ्यात शिट्टी, बोलणं थेट. तिने आप्पांच्या हातात चारपानी फॉर्म ठेवला. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, ओळखीच्या दोन माणसांचे नंबर, घर स्वतःचं की भाड्याचं, भाड्याचं असल्यास मालकाचं संमतिपत्र. पहिल्या पानावर आप्पांच्या भिवया वर गेल्या. दुसऱ्या पानावर मान हलू लागली. चौथं पान संपलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर त्याच धंद्यातल्या माणसाबद्दल वाटावा असा आदर होता. "फॉर्म उत्तम केलाय," ते म्हणाले. मग ते खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की यावेळी आपण टेबलाच्या अलीकडे आहोत.

"काका, कुत्रा कशासाठी हवाय?"

"राखणीला."

"मग कुलूप घ्या. पुढे. घर दिवसातून किती तास बंद असतं?"

प्रश्न येतच राहिले. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी काय कराल? मुलाकडे परदेशी गेलात तर सांभाळणार कोण? घरात कुणाला दमा आहे का? बेडरूममध्ये येऊ द्याल का? शेवटच्या कलमात लिहिलं होतं की एकदा घेतलं की परत रस्त्यावर सोडायचं नाही. आप्पांनी तिथेही आधार विचारला. ताई म्हणाली, "ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हटलंय. आम्ही आधीपासून म्हणत होतो." आप्पांनी सही केली. सहीखाली सवयीने तारीख आणि जुना कर्मचारी क्रमांकही घातला.

त्यानंतर घरभेट. आप्पांनी शोकेस पुसून घेतलं, सोसायटीबद्दलची कागदपत्रं काढून ठेवली. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्यांनी लॅमिनेट केलं होतं. असा बंदीचा ठराव आमच्या सोसायटीने कधी काळी केला होता आणि त्याखाली अध्यक्ष म्हणून आप्पांचीच सही होती, ही गोष्ट बैठकीत कुणी काढली नाही.

ताईने शोकेसकडे पाहिलंही नाही. ती थेट बाल्कनीत गेली आणि ग्रिलच्या गजांमधून हाताची मूठ घालून पाहू लागली. आप्पांनी ठरवून ठेवलेलं भाषण सुरू केलं. जून १८३२, मुंबईचा फोर्ट. कंपनी सरकारच्या शिपायांनी बेवारशी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉईंनी पांजरापोळ काढली. म्हणजे या शहराला कुत्र्यांसाठी भांडायची परंपरा आहे.

"छान," ताई म्हणाली, "पण खालच्या गजातून पिल्लू आरपार जाईल. जाळी लावा."

मग तिने काकूंना वेगळं बोलवलं. "काकू, काकांचं राहू दे. तुमची स्वतःची इच्छा आहे का? सगळं तुमच्यावर पडणार आहे." काकू पदराशी चाळा करत जरा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "या घरात काही आणायच्या आधी मला विचारलं, असं पहिल्यांदाच झालं गं." त्या क्षणापासून काकू पूर्णपणे ताईच्या पक्षात गेल्या.

शेवटचा प्रश्न तिने जाता जाता दारात विचारला. पिल्लू पंधरा वर्षं जगू शकतं. तुमचं वय? एकोणसत्तर. मग पुढचं कोण बघेल? वारसदार लावल्याशिवाय आप्पांनी कधी एक खातं उघडू दिलं नव्हतं. त्यांनी हिशेब मनातल्या मनात दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर चौऱ्याऐंशी आलं.

चार दिवसांनी निरोप आला: पिल्लू देता येणार नाही, मोठं कुत्रं देऊ शकतो. आप्पांनी अपील करायचं ठरवलं होतं. मसुदाही तयार होता. पण काकू परस्पर रिक्षाने गेल्या आणि ती काळी, कानाला खाच असलेली घेऊन आल्या. आप्पांनी 'ब्रूनो' हे नाव वहीच्या पहिल्या पानावर कधीपासून राखून ठेवलेलं. ती आली ती चिमणी हे नाव घेऊनच. भांडुपच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा वॉचमन तिला त्या नावाने हाक मारायचा. वजन बावीस किलो.

पहिला आठवडा चिमणी सोफ्याखाली राहिली. आप्पा फरशीवर आडवे होऊन तिला व्याजदर, महागाई, मुलाचे फोन न येणं असं काहीबाही सांगत राहिले. आमटीवर शेरे बंद झाले, कारण उरलेला दहीभात कुणाच्या वाटणीचा हा नवा वाद घरात सुरू झाला होता. वही मी नंतर एकदा पाहिली. चिमणीच्या पानावर नावे बाजूला गोचीड, एक चप्पल आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकाची दोन पानं एवढीच नोंद होती. जमा बाजू कोरी होती. मी विचारलं तर म्हणाले, "अजून टोटल लागत नाहीये."

मला वाटलं होतं, झालं, कुत्रा बघणारे आप्पा आता पाळणाऱ्यांत गेले, सोसायटीला नवा माणूस शोधावा लागणार. पण चारपानी फॉर्म ज्याने एकदा पाहिला तो बँकवाला स्वस्थ बसेल कसा? सहा महिन्यांत आप्पा ताईच्या संस्थेचे घरभेटीवाले झाले. फॉर्म चाराचा सहापानी झाला. विक्रोळीपासून ठाण्यापर्यंत माणसं त्यांची फोनवर मनधरणी करतात, आणि इतकी वर्षं कोरडा पडलेला त्यांचा चेहरा पुन्हा टवटवीत दिसतो.

आम्ही मांजरासाठी अर्ज केला. शेजारी म्हणून काहीतरी सवलत मिळेल अशी माझी समजूत होती. आप्पा रविवारी दहाला आले, चहाला नको म्हणाले, परीक्षक पाहुणचार घेत नाही म्हणाले. खिडक्यांच्या ग्रिलमधून मूठ घालून झाली, वॉशिंग मशिनच्या मागे टॉर्च मारून झाला. हिला स्वयंपाकघरात वेगळं नेऊन काहीतरी विचारलं. काय विचारलं आणि ही काय बोलली, हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण बाहेर येताना आप्पा माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने बघत होते. सोफ्यावर बसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं, समासात काहीतरी लिहिलं आणि फाइल बंद केली.

"खिडक्यांना जाळी लावून घ्या. आणि दुपारी घरी कोण असतं याचा काहीतरी लेखी पुरावा जोडा. मग पुढच्या तिमाहीत बघू."