मार्जारस्वागताध्यक्ष

साहित्य संमेलनाला स्वागताध्यक्ष लागतो, तसा हल्ली मांजरालाही लागतो. फरक एवढाच, की संमेलन निदान ठरल्या तारखेला होतं.

हा गृहस्थ कोथरूडला सापडतो, डोंबिवलीत सापडतो, नाशकात तर हमखास. निवृत्त, शक्यतो सरकारी खात्यातून. चष्मा गळ्यात, टेप खिशात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत त्यांना अण्णा म्हणतात. बंगळुरूची मुलगी फोनवर सहज म्हणाली, "बाबा, एखादं मांजर पाळा, वेळ जाईल." वेळ कसा घालवायचा, ते अण्णांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. दोनशेपानी वही आली. पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात 'मांजर : पूर्वतयारी'.

मांजर नुसतं ठरलं होतं. मागच्या गल्लीत मांजरांना खाऊ घालणारी एक मुलगी आहे, तिच्याकडचं महिनाभराचं तांबूस पिल्लू. ती पोरगी पिल्लू देण्याआधी लोकांची घरं बघून येते, चार प्रश्न विचारते. अण्णांकडे ती आली तेव्हा प्रश्न अण्णांनीच विचारले. "पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही, हे ठाऊक आहे ना तुला?" ती बिचारी म्हणाली, "काका, मीच सांगणार होते."

मग जाळीवाला आला. गॅलरीला कबुतरांची जाळी होतीच, पण ती नायलॉनची, मांजर दातांनी कुरतडेल अशी. जाळीवाला सांगत होता, "काका, हिच्यातून एक कबुतर आत येणार नाही." अण्णा म्हणाले, "कबुतर येण्याचा प्रश्न नाही रे, मांजर जाण्याचा आहे. पाचवा मजला आहे." शेवटी तारेची जाळी बसली. तिच्यातून आता काकूंना खाली भाजीवाल्याला पिशवीही सोडता येत नाही.

अण्णांचा खरा त्रास हा, की त्यांचं सगळं बरोबर असतं. चुकीचं बोलले असते तर काकू केव्हाच जिंकल्या असत्या. लिलीचं पान, फूल, अगदी परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाची वाट लावतात, म्हणून लिलीची कुंडी आमच्याकडे आली. कोरफड दुसऱ्या मजल्यावर गेली. तुळस राहिली. फिनेल बाद. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या बाद. देवघरातला कापूर फिरकीच्या डब्यात, डबा वरच्या फळीवर; आरतीच्या वेळी काकू स्टूल घेऊन चढतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून औषधांचा डबा कुलपात, आणि किल्ली कुठे ते वहीत. एकदा रात्री काकूंना ताप भरला, तेव्हा आधी वही शोधावी लागली.

कांद्याचं पान आलं तेव्हा मात्र कहर झाला. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे अण्णांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि ओट्यावरची कांद्याची टोपली झाकणाच्या पिंपात गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली, काकू दर चातुर्मासात कांदा सोडतात. अण्णांनी कांदेनवमीची भजी तेवढी निष्ठेने खाल्ली, पुढचं पाळलं नाही. "देवासाठी नाही सुटला तो," काकू म्हणाल्या.

दुधावरून दोघांत दोन दिवस अबोला होता. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, पोट बिघडतं, तेव्हा वाटीत फक्त पाणी, असं अण्णांनी जाहीर केलं. काकूंच्या माहेरी मांजर म्हणजे दुधाची राखण. शिंकं उंच टांगायचं, एवढी एकच तयारी. बाकी मांजर आपलं आपण बघायचं. "मांजराला दूध नाही तर काय कोरा चहा देणार?" या प्रश्नाला वहीत उत्तर नव्हतं.

संडासाच्या बाबतीत नियम असा, की मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. म्हणजे एका मांजराला दोन, तेही जेवणाच्या वाटीपासून लांब. वन बीएचके घरात ही लांबी आणायची कुठून? एक ट्रे न्हाणीघरात गेला, दुसरा अण्णांच्या वाचायच्या खुर्चीखाली. दहा-दहा किलोंची वाळूची पोती लिफ्टमधून वर जाताना वॉचमनने विचारलंच, "काका, बांधकाम काढलं का?" घरात माणसं दोन आणि संडास एक, मांजर शून्य आणि संडास दोन, अशी परिस्थिती बरेच महिने होती.

होय, महिने. कारण आठ आठवडे झाले, तर लस राहिली. पहिली लस झाली, तर बूस्टर राहिला. मग ढोलताशा पथकांच्या तालमी सुरू झाल्या, मांजराचे कान नाजूक. गणपती गेले, तर दिवाळीचे फटाके आले. शिवाय कंदिलाच्या झिरमिळ्या मांजराने गिळल्या तर आतडी आवळतात. अण्णांनी कालनिर्णय घेऊन सगळं वर्ष बाद केलं. आता, मुहूर्त बघणारा माणूस नव्हे हा. मांजर आडवं गेलं तर, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "घरातच असेल तर दिवसातून वीसदा जाईल. कामं व्हायची ती होतील." मध्यंतरी पुणे महापालिकेने 2022 साली मांजरांनाही परवाना लागू करायचं ठरवल्याचं त्यांना कळलं आणि वहीला फाइल जोडली गेली.

ती मुलगी दर पंधरवड्याला फोन करायची. आधी "काका, पिल्लू कधी नेताय?" मग "काका, मांजर कधी नेताय?" शेवटी मार्गशीर्षात एका गुरुवारी तिने बेलच वाजवली. हातातल्या पिंजऱ्यात नसबंदी झालेला, डाव्या कानाला भांडणाची खूण असलेला सणसणीत बोका होता. पिल्लासाठी बुटक्या काठाचे आणलेले दोन्ही ट्रे त्याने एकदा हुंगले, काकूंच्या पूजेच्या कलशाकडे बघितलं आणि एका उडीत फ्रिजवर, तिथून थेट माळ्यावर. वहीत माळ्याचं पान नव्हतं.

चार दिवस तो माळ्यावरच होता. रात्री उतरायचा, जेवायचा, परत वर. शेजारीपाजारी हळहळले; अण्णा मात्र कमालीचे प्रसन्न. नवं मांजर सुरुवातीला लपतंच, हे त्यांनी जुलैतच लिहून ठेवलं होतं. पाचव्या दिवशी बोका उतरला तो सरळ काकूंच्या ओट्यापाशी जाऊन ओरडायला लागला, आणि अण्णांना काही कामच उरलं नाही. बोका एकदाचा आला. आता नुसताच राहणार.

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. आदल्या दिवशी जिन्यात माझा मुलगा कुणाला तरी सांगत होता, की त्याला वाढदिवसाला दोन मासे हवेत. दारात अण्णा, काखेत कोरी दोनशेपानी.

"टाकी ठेवणार कुठे?" त्यांनी विचारलं, आणि खिशातला टेप बाहेर काढला.